दीड पट्टी वर

मिस ओपल, गेल्या शनिवारी चर्चमध्ये तुमच्या शवपेटीशेजारच्या स्पीकरवर जे गाणं वाजलं, त्यातला आवाज तुमचा नव्हता. गाणं तुमचं, शब्द तुमचे, श्वाससुद्धा तुमचेच. पण टेप पळत होती. दीड पट्टी वर. ती मी पळवली होती. अकरा वर्षं मी हे बाहेर कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला तर नाहीच.

पास्टर म्हणाले, "ऐका, आपल्या मदर ओपलचा हा विशीतला आवाज. चिमणीसारखा." बायका हातातल्या पंख्यांनी वारा घेत माना डोलवत होत्या. चिमणीसारखा. तुमच्या आईने तुमच्या आवाजाला काकवी म्हटलं होतं, थंडीत बाटलीतून बाहेर यायला वेळ घेणारी काकवी. हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत त्याला गणती नाही. मी मागून तिसऱ्या बाकावर हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. उठून प्लग ओढावा असं वाटलं. उठलो नाही. जिथे जिथे उठायला हवं होतं तिथे तिथे मी बसून राहिलो. निदान हा त्यातला शेवटचा प्रसंग असावा म्हणून लिहायला घेतलंय.

तुम्ही हे वाचणार नाही. माणूस मेल्यावर कुठून तरी बघत असतो, यावर माझा विश्वास नाही, आणि त्यावरून तुम्ही माझी यथेच्छ टिंगल करायचात. "आत्मा नाही म्हणतोस आणि धंदा सोल म्युझिकचा करतोस? इंजिनियर, तू तर शाकाहारी खाटीक निघालास." तो वाद आपला अर्धाच राहिला. तुम्ही म्हणायचात, गेल्यावर बघशीलच. मी म्हणायचो, गेल्यावर बघायला कोण उरणार? आज मला चीड याचीच येते, की मी बरोबर निघालो तर ही कबुली कुठेच पोचणार नाही, आणि तुम्ही बरोबर निघालात तर तुम्हाला सगळं आधीच कळलेलं आहे आणि मी आजही उशिराच आलोय.

मी त्या धंद्यात कसा आलो हे तुम्हाला कधी धड सांगितलं नाही. तुम्हाला वाटायचं मी संगीताचा माणूस. मी गाड्यांच्या आवाजाचा माणूस. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला एका मोटारकंपनीच्या चाचणीच्या खोलीत बसून दार लावल्यावर आवाज कसा येतो, टायर कुठे गुरगुरतो हे मोजायचं आणि तो आवाज मारायचा, हे माझं काम. एका सोमवारी आमचा अख्खा विभाग गेला. एच-वन व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर बायको, पहिलीतली मुलगी, चार बॅगा, आणि विमान. एक्कावन्नाव्या दिवशी रॉनने मला घेतलं.

रॉनची कंपनी म्हणजे एका गोदामातल्या तीन खोल्या. बंद पडलेल्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या टेपांची खोकी त्यांच्या वारसांकडून घाऊक उचलायची, वीस-वीस गाणी एकेका सीडीत कोंबायची, वर 'विसरलेले तारे' छापाचं नाव टाकायचं, आणि गॅस स्टेशनवर, औषधांच्या दुकानात, काउंटरजवळच्या फिरत्या स्टँडवर गॉगल आणि च्युइंग गमच्या मधे लावून द्यायची. रॉनचा नियम होता दिवसाला बारा टेप. गाण्याची पहिली दहा सेकंदं ऐकायची, शेवटची दहा सेकंदं ऐकायची, मधलं कॉम्प्युटरवर सोडायचं. "सिड, आपण म्युझियम नाही चालवत," असं तो दिवसातून दोनदा म्हणायचा. माझं नाव सिद्धार्थ. ते त्याने पहिल्याच दिवशी कापून आखूड केलं, गाण्यांसारखंच.

तुमची चार गाणी तुम्ही एकाच वर्षी, डेट्रॉइटमधल्या एका न्हाव्याच्या दुकानामागच्या स्टुडिओत गायली होती. कुठल्याच यादीत ती कधी वर चढली नाहीत. माझ्याकडे ती आली तेव्हा खोक्यावर नावसुद्धा अर्धं पुसलेलं होतं. आदल्या दिवशी दुसऱ्याच कुणाची टेप मंद वाजत होती म्हणून मी मशीनचं वेगाचं बटण वर फिरवलं होतं. जाताना ते शून्यावर आणायचं असतं. मुलीला, यशोला, शाळेतून आणायला उशीर होत होता. बटण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीच्या बाराही टेपा पळाल्या. तुमच्या गाण्याच्या पहिल्या दहा सेकंदांत नुसता ड्रम आहे आणि शेवटच्या दहात नुसत्या टाळ्या. मधे तुम्ही होतात. मधलं मी ऐकलं नाही.

इथपर्यंत ती चूक आहे. चुकीबद्दल मी रडत नाही. चुका होतात, माणसं सांगतात, दुरुस्त करतात.

तीन महिन्यांनी ऑफिसचा फोन वाजला आणि तुम्ही म्हणालात, "मी औषधाच्या दुकानात बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले होते. तिथल्या स्टँडवर माझीच बाविसाव्या वर्षाची छबी माझ्याकडे बघून हसत होती. मी तिला म्हटलं, बाई, तू इथे काय करतेस, घरी चल." मी हसलो. कुणाशी तरी बोलताना हसू आल्याला तेव्हा महिने झाले होते. पुढच्या आठवड्यात तुम्ही दोन बस बदलून गोदामात आलात, चर्चचा जांभळा कोट घालून. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक छोटी रेकॉर्ड. एका बाजूला बसथांब्याचं गाणं, दुसऱ्या बाजूला ते लग्नाचं.

"माझ्याकडे एवढी एकच आहे," तुम्ही म्हणालात. "वाजवायचं मशीन बिघडून वीस वर्षं झाली, आणि घराचं छप्पर गळतं. ज्या माणसाने मला शोधून काढलं त्याच्याकडे ही राहू दे, बेबी."

मी तुम्हाला शोधलं नव्हतं. मी एक खोकं उघडलं होतं. हे बोलायला हवं होतं. मी मान हलवली. माझ्या आयुष्यातला बहुतेक खोटेपणा मी तोंड न उघडता, मान हलवूनच केलेला आहे.

त्या रविवारी दुपारी एका गराज सेलमधून आणलेल्या प्लेअरवर मी ती रेकॉर्ड लावली. पहिल्या ओळीला वाटलं, प्लेअर खराब आहे. मग त्याच सेलमधून यशोसाठी आणलेली बडबडगीतांची तबकडी लावून पाहिली. ती ठीक वाजली. मग वडिलांची बाजाची पेटी काढली. वडील नागपूरला भीमगीतं गायचे, काळी दोनमध्ये. त्यांच्यामागे ती पेटी माझ्याबरोबर इथवर आली आहे. रेकॉर्डवरचा सूर पेटीवर नीट बसला. सीडीवरचा बसेना, दोन पट्ट्यांच्या मधेच लोंबकळत राहिला. रेकॉर्डवर एक बाई गात होती, भारी, संथ, जणू तिला कुठेही जायची घाई नाही. सीडीवर एक पोरगी होती. गोड, पातळ, धावणारी. मी दोन्ही चार-चारदा ऐकलं. बायको दारात येऊन म्हणाली, "हीच खरी ना? मग सांगा की त्यांना." मी म्हटलं, आधी रॉनशी बोलतो.

रॉनशी बोललो. ते बोलणं मला पाठ आहे.

"रॉन, डेट्रॉइटची गाणी फास्ट गेलीत."

"कुणी कम्प्लेन केलं?"

"नाही."

"मग ती फास्ट नाहीत." स्क्रीनवरून मान न उचलता तो पुढे म्हणाला, "तुझी ग्रीन कार्डची फाइल या महिन्यात जातेय ना? लॉयर सही मागत होता."

ही धमकी होती का? मिस ओपल, मी अकरा वर्षं यावर विचार केला आहे. कदाचित त्याला खरंच त्याच क्षणी सहीची आठवण झाली असेल. मला गप्प बसायला एक धमकी हवी होती. त्याने जे म्हटलं ते मी धमकी म्हणून उचललं आणि जपून ठेवलं. तुमची रेकॉर्डही जपून ठेवली. कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, आमच्या पासपोर्टांच्या खाली, टॉवेलसकट.

आणि मग मी तुमच्याशी मैत्री केली. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. अपराधी माणसाने तोंड लपवावं, दूर राहावं. मी दर दुसऱ्या रविवारी नोव्हायहून गाडी काढून तुमच्याकडे यायचो, तुम्हाला घरी आणायचो, यशोला तुम्हाला 'ओपल आजी' म्हणायला शिकवलं. पाप केल्यावर माणसं दान करतात, तसा मी तुम्हाला लिफ्ट देत होतो.

तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून मक्याची भाकरी थापायला शिकलात आणि पहिल्याच भाकरीला जाहीर केलंत, "ही तर माझ्या आजीची हॉट वॉटर कॉर्नब्रेड. तुम्ही लोकांनी चोरली कधी?" थापताना तुम्ही गुणगुणायचात. बसथांब्याचंच गाणं, ती बाई जी तीन बस सोडून देते आणि चौथीतही चढत नाही. खाली, अगदी खाली, छातीतून. यशो ओट्यावर बसून ऐकायची. ते गुणगुणणं बरोबर रेकॉर्डच्या पट्टीत असायचं. मी एकदा तुमची पाठ असताना पेटीवर हळूच पट्टी धरून पाहिलं. तुमच्या अंगाला सगळं आठवत होतं. तुमचा समज मात्र असा, की वय झालं, आता तेवढंच खाली जमतं.

त्याच ओट्याजवळ मी तुम्हाला वडिलांची गोष्ट सांगितली. एका कॅसेटवाल्याने एका दुपारी त्यांची आठ गाणी भरून घेतली होती. जयंतीला स्टॉलवर कॅसेट आली तर वर फोटो दुसऱ्याच गायकाचा, नाव दुसऱ्याचं. वडिलांनी स्वतःची कॅसेट विकत घेतली, घरी आणली, एकदा ऐकली. भांडले नाहीत. त्यानंतर रेकॉर्डिंगला कुणी बोलावलं की म्हणायचे, घसा बसलाय. घसा बसलेला नव्हता. मला लहानपणी वाटायचं की त्या कॅसेटवाल्याला गाठून विचारावं. मोठा झाल्यावर मी त्याचीच नोकरी धरली.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग पिठाचा हात तसाच माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "म्हणजे तुला माहीत आहे."

त्याहून मोठी संधी कुणाला मिळते? दार उघडून कुणीतरी हात धरून आत नेत होतं. मी मान हलवली. तुम्हाला वाटलं, हा म्हणतोय, हो, मला दुःख माहीत आहे. मी म्हणत होतो, हो, मला माहीत आहे.

मग आला तो ऑगस्ट. सीडी ऐकून कुणीतरी तुम्हाला बोलावलं, तुमच्याच भागातल्या लायब्ररीच्या अंगणात एक संध्याकाळ, चार गाणी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी. तुम्ही नवीन बूट घेतलेत. चर्चच्या तळघरात प्रॅक्टिस ठरली. तुमच्या चर्चचे पियानोवाले ब्रदर केल्विन, साठीचे, तोंडाने कमी आणि बोटांनी जास्त बोलणारे, त्यांनी सीडी ऐकून गाणी बसवली होती. मीच तुम्हाला घेऊन गेलो. आधी केल्विन म्हणाले, "ओपल, तुझी ही सीडी माझ्या पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे आहे. असं कोण ट्यून करतं?"

"न्हाव्याच्या दुकानामागचा पियानो होता तो," तुम्ही म्हणालात. "केस कापून घेऊन पळालेला."

साथीला आलेल्या, क्वायरमधल्या तुमच्या रांगेतल्या चौघी हसल्या. केल्विन हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिथे पाण्याचा डाग होता, मला आजही त्याचा आकार काढून दाखवता येईल. शेवटी त्यांनी वरची पट्टी धरली, म्हणजे आणखी अर्धी वर.

चौथी बस येते तिथे गाणं चढतं. तुम्ही पहिल्यांदा गेलात, आवाज तुटला. पाणी प्यायलात. दुसऱ्यांदा तुटला. तिसऱ्यांदा त्या जागेच्या आधीच थांबलात. केल्विन म्हणाले, "खाली घेऊ या. कुणाला कळणार आहे?" आणि तुम्ही म्हणालात, "मला. जे गायले ते गाईन, नाहीतर नाही गाणार."

या हट्टाचाही मला राग येतो, मिस ओपल. आज तुम्ही मेल्या आहात म्हणून तो लपवणार नाही. जगातला प्रत्येक गायक वय झालं की पट्टी उतरवतो, माझ्या वडिलांनीही उतरवली होती. तुम्ही एकदा, फक्त एकदा, खाली घेतलं असतंत तर आपोआप तुमच्या मूळ पट्टीत येऊन पडला असतात आणि माझी चूक, माझं मौन, सगळं तिथेच विरघळलं असतं. किती सोयीचं झालं असतं मला. बघा, रागसुद्धा मी कसला करतोय. तुम्ही एका खोट्या मापाशी प्रामाणिक राहिलात, आणि ते माप खोटं आहे हे सांगू शकणारा एकमेव माणूस पाच पावलांवर घडीच्या खुर्चीवर बसून तुमचा जांभळा कोट मांडीवर सांभाळत होता.

कार्यक्रम कॅन्सल केलात. परतताना गाडीत म्हणालात, "होता माझ्याकडे तो सूर. गेला आपल्या घरी." पुढच्या रविवारपासून तुम्ही क्वायरमधली पहिल्या रांगेतली जागा सोडून मागच्या बाकावर बसायला लागलात. कुणी विचारलं तर म्हणायचात, गुडघे दुखतात. गुडघे दुखत नव्हते. मी हे वाक्य एका घरात आधीही ऐकलेलं होतं.

कदाचित मूळ पट्टीतही आवाज तुटला असता. सदुसष्टाव्या वर्षी तुटू शकतो. पण तो तुमचा तुटला असता.

पुढच्या वर्षी तुम्ही एकदा रेकॉर्ड मागितलीत. सहज. "ती माझी छोटी आहे ना तुझ्याकडे? केल्विनकडे वाजवायचं मशीन आलंय." मी म्हटलं, "घर बदललं ना, कुठल्या तरी बॉक्समध्ये असेल. शोधतो." त्या दिवशी सकाळीच मी तिच्यावरचे पासपोर्ट उचलून परत ठेवले होते. तुम्ही पुन्हा मागितली नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, हरवली त्याने, बिचाऱ्याला लाज वाटत असेल. तुम्ही माझी लाज राखलीत. माणसाला दयेचाही राग येऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

चार वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड आलं. मंडळातल्या मित्रांनी केक आणला. रॉनची नोकरी मी त्याच महिन्यात सोडली, परत गाड्यांच्या आवाजात आलो. आता कुणी मला विमानात बसवणार नव्हतं. आता काय अडचण होती? काहीच नाही. तेव्हा मला कळलं की व्हिसा ही सबब होती, आणि सबब संपल्यावरही मौन चालू राहतं, त्याला कुठल्याच कागदाची गरज नसते. मी गेल्यावर रॉनने कंपनी विकून टाकली आणि ती पळणारी गाणी इंटरनेटवर गेली, जगात कुठेही, केव्हाही, दीड पट्टी वर. माझ्यापुरतं बोलायचं तर मी तुम्हाला अमर केलं, चुकीच्या आवाजात.

शेवटच्या महिन्यात तुम्ही त्या नर्सिंग होममध्ये होतात. यशो आता सतरा वर्षांची. तिने प्रेमाने फोनवर तुमचं गाणं लावलं. तुम्ही डोळे न उघडता हात हलवलात. "बंद कर, बेबी. ती पोरगी मला नाही आवडत. फार वर गाते. मला लाजवते."

यशो हसली, तिला वाटलं आजी गंमत करतेय. मी खिडकीशी उभा होतो. खोलीत तिघंच होतो. तुमच्याकडे नऊ दिवस उरले होते. मी पडदा नीट केला.

यापुढे माझ्याबद्दल कुणी काही वाईट म्हटलं तर मला ते नवीन नसेल.

शनिवारी चर्चमधून परत येताना यशो गाडीत माझ्या शेजारी होती. हायवेवर चढल्यावर म्हणाली, "बाबा, शी नेव्हर साउंडेड लाइक दॅट."

"काय?"

"किचनमध्ये. शी वॉज लो. ते गाणं, इट्स नॉट हर."

अकरा वर्षं ज्या प्रश्नाची मी वाट पाहत होतो आणि ज्याला घाबरत होतो, तो ओट्यावर बसून भाकरी खाणाऱ्या माझ्याच पोरीकडून आला. मी पुढच्या एक्झिटला उतरलो, एका गॅस स्टेशनच्या कडेला गाडी लावली आणि सगळं सांगितलं. बटण, रॉन, ड्रॉवर, तळघर. ती ऐकत होती आणि दरवाज्याकडे सरकत होती. शेवटी म्हणाली, "यू हेल्ड हर कोट?" मी हो म्हटलं. मग घरी आलो. दाराशी बूट काढताना म्हणाली, "तुम्ही चर्चमधल्या लोकांना सांगा. नाहीतर मी सांगेन."

कंपनीच्या नव्या मालकांना मी त्याच दिवशी लिहिलं. त्यांनी तुमच्या फोटोखाली 'लेजंड' असं लिहून लिंक टाकली होती. जिवंतपणी तुम्हाला हे म्हणायला कुणाला फुरसत नव्हती. दोन दिवसांनी उत्तर आलं की तक्रार गायिकेकडून किंवा वारसांकडून आल्यास विचार केला जाईल. कुणी कम्प्लेन केलं? तेच वाक्य, फक्त सभ्य कपड्यांत. या वेळी मी लिहिलं: मी करतोय. चूक माझी आहे, मूळ रेकॉर्ड माझ्याकडे आहे, दुरुस्त होईपर्यंत दर आठवड्याला लिहीन. तुमच्या भाचीचा पत्ता मिळवलाय, तिलाही लिहिलंय. तिचं उत्तर अजून नाही. ते यायलाच हवं असंही नाही.

बुधवारी क्वायरची प्रॅक्टिस असते. टॉवेलमध्ये गुंडाळलेली रेकॉर्ड घेऊन मी तळघरात उतरलो. केल्विन पियानोवर होते आणि तुमच्या रांगेतल्या त्या चौघी, सगळ्या सत्तरीपुढच्या. मी उभ्यानेच सांगितलं. केल्विननी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "मी त्या दिवशी विचारलं होतं."

"हो."

"तू छताकडे बघत होतास."

"हो."

"तिला काही कळेना, मला काही कळेना. अकरा वर्षं मला वाटतंय, माझे कान गेले." ते आपल्या हातांकडे बघत होते. "मी लग्नात वाजवणं सोडलं त्यामुळे."

हे मला माहीतच नव्हतं. एका बटणाने किती माणसं आपापल्या सुरातून उठवली त्याचा मला आजही अंदाज नाही. त्या दिवशीच्या बाकी टेपा कुणाच्या होत्या, ते मी आता शोधतोय.

त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली, शर्टाच्या बाहीने पुसली, कोपऱ्यातल्या मशीनवर ठेवली. ड्रम. आणि मग तुम्ही. तुमची पहिली ओळ संपायच्या आत चौघींपैकी एकजण म्हणाली, "ही बघा, आली." कुणी रडलं नाही. गाणं संपल्यावर केल्विननी पियानोवर पट्टी शोधली, लगेच सापडली, मधे लोंबकळत नव्हती. त्यांनी सुरुवात केली आणि त्या चौघी कुणी न सांगता गायला लागल्या. पहिली बस गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चढ आला. तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली ती काठीवाली बाई, तिने ती ओळ बसल्या जागी, हसत घेतली. घेतली आणि तिचं हसू मावळलं. तिला कळलं होतं, या पट्टीत तुम्हीही ती घेतली असतीत. बाकीच्या तिघी तिच्याकडे बघत गात राहिल्या, मग एकेक करून थांबल्या.

माझ्याकडे कुणीही पाहिलं नाही. केल्विननी पियानोचं झाकण लावलं.

"रविवारी," ते म्हणाले. "सर्व्हिस संपल्यावर कोपऱ्यात नाही. मधे, सगळ्यांसमोर."

मी मान हलवली.

"मान नको हलवूस. तोंडाने बोल."

"हो," मी म्हटलं.

उद्या रविवार आहे. यशो बरोबर येणार आहे. शेजारी बसणार की नाही, ते सांगत नाही. इंग्रजीत मी हे सगळं बोलू शकणार नाही, म्हणून तुम्हाला न येणाऱ्या माझ्या भाषेत आधी पूर्ण लिहून काढलं. तिथे चार वाक्यं बोलेन. मी कोण, मी काय केलं, किती वर्षं गप्प राहिलो. आणि शेवटचं असं, की मिस ओपलचा आवाज गेला नव्हता. तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता, पासपोर्टांच्या खाली.